पाऊण गुंठ्याचा ठिपका

महाराष्ट्रात मलकापूर नावाची गावे एकाहून अधिक आहेत. बुलढाणा जिल्ह्यातले, मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे मलकापूर बहुतेकांना ठाऊक असते. दुसरे कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यात आहे. तिसरे सातारा जिल्ह्यात, कराडला अगदी लागून, पुणे-बंगळूर महामार्गावर. पाकिटावर नुसते ‘मलकापूर’ लिहिले तर ते यांपैकी कुठेही जाईल, म्हणून आपण तालुका, जिल्हा आणि पिनकोड लिहितो. अक्षांश-रेखांशांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. बुलढाण्याचे मलकापूर २१ उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली आहे, शाहूवाडीचे १७ अंशांच्या किंचित खाली, आणि आपले कराडजवळचे सव्वासतरा अंशांच्या किंचित वर. दोन आकडे दिले की पृथ्वीवरची एक आणि एकच जागा ठरते.

भूगोलाच्या पुस्तकात आपण असे शिकवतो आणि ते बरोबरच आहे. परंतु हे दोन आकडे हातात घेऊन प्रत्यक्ष डोंगरावर ती जागा शोधायला निघालो, तर ‘एक आणि एकच जागा’ म्हणजे नेमकी केवढी जागा, असा प्रश्न पडतो. तो मुलांना पडावा, आणि त्याचे उत्तर त्यांनी मोजून काढावे, यासाठी एक चांगला खेळ उपलब्ध आहे. त्याला जगभर ‘जिओकॅशिंग’ म्हणतात. ‘कॅश’ या शब्दाचा इथे पैशांशी संबंध नाही. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला तो शब्द असून ‘लपवून ठेवलेला साठा’ असा त्याचा अर्थ आहे. आपण साधेपणाने ‘डबाशोध’ म्हणू.

खेळ कसा सुरू झाला

लपवलेली वस्तू खुणांवरून शोधण्याचा खेळ जुना आहे. इंग्लंडमधील डार्टमूर या माळरानावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली एका दुर्गम जागी बाटली ठेवली. तिथवर चालत जाणाऱ्याने आपल्या नावाचे कार्ड त्यात टाकून यायचे, अशी प्रथा त्यातून पडली. आपल्याकडे स्काउटच्या पथकांत दगड, काड्या व बाण यांच्या खुणांवरून माग काढण्याचा खेळ कितीतरी शिक्षकांनी स्वतः खेळलेला असेल.

आकड्यांवरून शोधण्याचा खेळ मात्र एका ठरावीक तारखेनंतरच शक्य झाला. अमेरिकेची जीपीएस ही उपग्रह यंत्रणा मुळात लष्करासाठी उभारलेली. नागरी वापरासाठीच्या संकेतांत मुद्दाम गडबड मिसळली जाई, त्यामुळे साध्या ग्राहकयंत्राने सांगितलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुके. १ मे २००० रोजी ही गडबड थांबवण्याचे जाहीर झाले आणि ती बंद झाली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात रानात एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत वही, पेन्सिल, काही किरकोळ वस्तू आणि घेवड्याच्या उसळीचा एक बंद डबाही होता. काही दिवसांतच माइक टीग नावाच्या गृहस्थाला ती सापडली. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे नोंदलेले आहेत.

दोनच दिवसांत हा खेळ का सुचावा, हे आपल्या गुंठा-एकरांत चटकन समजते. त्रुटी शंभर मीटर असेल, तर डबा शंभर मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही असू शकतो. या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१,४०० चौरस मीटर, म्हणजे पावणेआठ एकर. पावणेआठ एकर रानात बादली शोधण्यात कोणाला गंमत वाटणार? त्रुटी पाच मीटरवर आली की क्षेत्रफळ होते ७८.५ चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. तेव्हा हे झाले सुमारे पाऊण गुंठा. त्रुटी विसाव्या हिश्श्यावर आली आणि शोधायची जागा चारशेव्या हिश्श्यावर. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे नववीच्या मुलांना समजावायला याहून सोपे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

ठिपका नव्हे, वर्तुळ

आता पाच मीटरची त्रुटी तरी का राहते ते पाहू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते. उपग्रह ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वाजले आहेत’ असा रेडिओ संकेत सतत पाठवत राहतो. आपल्या हातातील यंत्र तो संकेत किती उशिरा पोचला हे मोजते. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने येतात, म्हणून उशीर गुणिले वेग म्हणजे अंतर. उपग्रह थेट डोक्यावर असला तरी हा उशीर सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागाएवढाच असतो. तीन उपग्रहांची अंतरे कळली तर जागा ठरायला हवी. पण आपल्या मोबाइलमध्ये अणुघड्याळ नाही. त्याचे घड्याळ सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाने चुकले, तरी अंतर ३०० मीटरने चुकेल. म्हणून चौथा उपग्रह लागतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळाची चूक अशी चार अज्ञाते, म्हणून चार समीकरणे.

(आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्तानुसार उपग्रहावरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नसती, तर अंतराच्या हिशेबात रोज अकरा किलोमीटरच्या आसपास चूक साठत गेली असती. अकरा किलोमीटर हा आकडा लक्षात ठेवावा. तो थोड्या वेळाने अगदी वेगळ्या कारणाने पुन्हा येणार आहे.)

संकेत वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून येताना किंचित रेंगाळतो, आणि हे रेंगाळणे दिवसाच्या वेळेनुसार बदलते. झाडांची दाट पाने त्याला क्षीण करतात. कड्यावर आपटून तो वळसा घेऊन आला, तर अंतर प्रत्यक्षाहून जास्त वाटते. या सर्वांमुळे उघड्या आकाशाखाली मोबाइलची त्रुटी पाचेक मीटर असते; दाट झाडीत किंवा कड्याच्या पायथ्याशी ती दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. नकाशावरचा निळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा दिसतो खरा, पण त्याच्याभोवती फिकट निळे वर्तुळही असते. मुले ठिपका पाहतात. आपण त्यांना वर्तुळ पाहायला शिकवायचे.

शोधणाऱ्याइतकीच डबा ठेवणाऱ्याच्या यंत्राचीही त्रुटी असते, हे सहसा विसरले जाते. दोघांची पाच-पाच मीटर धरली, तर एकूण त्रुटी दहा होत नाही. दोन्ही चुका एकाच दिशेला जातीलच असे नसते. पायथागोरसच्या रीतीने वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे : सुमारे सात मीटर. क्षेत्रफळ दीड गुंठा. झाडीत दोघांची दहा-दहा मीटर धरली, तर चौदा मीटर आणि सहा गुंठ्यांहून थोडे अधिक. एवढी जागा सहा मुलांच्या गटाने पिंजून काढायला वीस मिनिटे सहज लागतात. सहलीचे वेळापत्रक करताना हा हिशेब उपयोगी पडतो.

अकरा किलोमीटरची चूक

आकडे लिहिण्याच्या तीन रीती आहेत आणि तिन्ही प्रचारात आहेत. १७.२५७२ अंश, १७ अंश १५.४३२ मिनिटे, आणि १७ अंश १५ मिनिटे २५.९ सेकंद. तिन्ही एकाच अक्षांशाची रूपे आहेत. सर्वांत घातक चूक इथे होते. फळ्यावर लिहिलेले ‘१७ अंश १५ मिनिटे’ एखादा विद्यार्थी मोबाइलमध्ये १७.१५ असे घालतो. पण १५ मिनिटे म्हणजे पाव अंश, म्हणजे १७.२५. दोन्हींत दशांश अंशाचा फरक पडला; म्हणजे दक्षिणेकडे अकरा किलोमीटर. मलकापूरच्या डोंगरावरचा डबा शोधणारा गट सांगली जिल्ह्याच्या हद्दीच्या आसपास जाऊन पोचायचा! सेकंद, मिनिटे आणि साठाची पट वर्गात कंटाळवाणी वाटते ती वाटते. इथे तिची किंमत पायांना कळते.

कराडच्या अक्षांशावर कोणत्या आकड्याची किंमत किती, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १,८४४ मीटर. रेखांशाचे एक मिनिट मात्र इथे सुमारे १,७७२ मीटरच भरते, कारण रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळजवळ येत जातात. सव्वासतरा अंशांच्या कोज्येने, म्हणजे ०.९५५ ने गुणावे लागते. त्यामुळे मिनिटाच्या तिसऱ्या दशांशस्थळाची किंमत पावणेदोन मीटरांच्या आसपास. चौथे दशांशस्थळ यंत्राने दाखवले तरी ते अठरा सेंटिमीटरांचे आहे आणि पाच मीटर चुकणाऱ्या यंत्राकडून त्याचा भरवसा धरण्यात अर्थ नाही. सार्थ अंक शिकवताना आपण जे सांगतो, ते हेच.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवरून अक्षांश-रेखांश काढून ते थेट मोबाइलमध्ये घालू नयेत. ते नकाशे एव्हरेस्ट यांनी मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर आधारलेले आहेत. जीपीएस वेगळा आकार मानते. त्यामुळे जागा जाणवण्याइतकी सरकते.

आगाशिवावर एक दिवस

मलकापूरला हा खेळ करण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. गावाच्या पाठीशीच आगाशिवाचा डोंगर आहे. त्याच्या अंगावर जखिणवाडीच्या बाजूने साठांहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत, माथ्यावर महादेवाचे देऊळ आहे, आणि वरून कराड शहर व कृष्णा-कोयना या दोन्ही नद्या दिसतात. या दोन नद्या कराडला समोरासमोर येऊन मिळतात आणि मग प्रवाह पूर्वेकडे वळतो. असा संगम क्वचितच पाहायला मिळतो. मोजमापाशी या गावाचे नातेही चांगले आहे. नळाला मीटर बसवून चोवीस तास पाणी देणारे गाव म्हणून मलकापूरचे नाव झाले ते अलीकडच्याच काळात.

समजा नववीची तीस मुले आहेत. सहा-सहांचे पाच गट. टप्पे किती ठेवावे? मोह आठ-दहांचा होतो, पण आधी वेळ मोजावा. डोंगरावर चढ-उतारासह सात-आठ किलोमीटर चालणे, मुलांच्या वेगाने साडेतीन तास. प्रत्येक टप्प्यावर वीस मिनिटे धरली, तर सहा टप्प्यांचे दोन तास. जेवण व विश्रांती एक तास. साडेसहा तास झाले. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चारला सगळ्यांनी खाली असावे असे ठरवले, तर सकाळी साडेसातला निघूनही दोन तासच हाताशी राहतात. ते दोन तास हाताशीच राहू द्यावेत. तेव्हा सहा टप्पे पुरेत.

टप्पे जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली साखळीची : पहिल्या जागी दुसऱ्या जागेची चिठ्ठी, दुसऱ्या जागी तिसरीची. दुसरी जुळणीची : सर्व टप्प्यांच्या जागा सुरुवातीलाच द्यायच्या, प्रत्येक टप्प्यावर शेवटच्या डब्याच्या अक्षांश-रेखांशातला एकेक अंक मिळतो, आणि सगळे अंक जुळले की डबा कुठे ते कळते. साखळीत उत्कंठा जास्त, हे खरे. पण एक चिठ्ठी वाऱ्याने उडाली किंवा माकडाने नेली, की पुढचा सगळा खेळ बंद. शिवाय सर्व गट एकाच क्रमाने जातात, म्हणून मागच्या गटाला पुढचा गट कुठे घुटमळतो आहे ते दिसते आणि शोधण्याचे कामच उरत नाही. मुलांना घेऊन जायचे असेल, तर माझे मत जुळणीच्या बाजूने आहे. पाच गट वेगवेगळ्या क्रमाने फिरू शकतात, आणि कोणत्या वेळी कोण कुठे असेल हे शिक्षकांना ठाऊक राहते.

अंक देताना एक खबरदारी हवी. शेवटची जागा समजा १७ अंश १५.४कख मिनिटे अशी लिहिली, आणि क व ख हे अंक मुलांनी शोधायचे. ख एकने चुकला तर जागा पावणेदोन मीटर सरकेल, काही बिघडत नाही. क एकने चुकला तर अठरा मीटर. पण त्याच्याही आधीचा, दशांशाचा अंक शोधायला ठेवला आणि तो एकने चुकला, तर १८४ मीटर! डोंगरावर १८४ मीटरांत कडा असू शकतो. म्हणून शोधायचे अंक नेहमी शेवटच्या दोन स्थळांतच ठेवावेत. त्याबरोबर पडताळाही द्यावा : ‘क आणि ख यांची बेरीज ११ आली पाहिजे’. पुस्तकांवरच्या आयएसबीएन क्रमांकातला शेवटचा अंक हेच काम करतो.

सहाही टप्प्यांचे येथे वर्णन करत नाही. जागा पाहून शिक्षकांनीच ते ठरवावेत. दोन-तीन प्रकार मात्र सांगण्यासारखे आहेत.

एक टप्पा झाडाच्या उंचीचा. हातातली मीटरभर काठी उभी करून तिची सावली आणि झाडाची सावली मोजायची, समरूप त्रिकोणांनी उंची काढायची. उत्तर पूर्ण मीटरांत घेतले तरी गटागटांत एखाद्या मीटरचा फरक पडतो, म्हणून उत्तराचा अंक थेट न वापरता ‘८ ते ११ मीटर आल्यास क = ३’ अशी पट्टी द्यावी. उतारावरच्या झाडाला ही रीत लागू पडत नाही. का, ते मुलांना विचारावे.

दुसरा टप्पा लेण्याच्या तोंडाशी. बाहेर मोकळ्यावर उभे राहून यंत्रात किती उपग्रह दिसतात ते लिहायचे, मग लेण्याच्या आत जाऊन पुन्हा पाहायचे. आत आकडा भराभर खाली येतो. दगड रेडिओलहरी अडवतो. लेण्याच्या दाराशी, पाठीशी कडा असताना, आकडा अधला-मधला असतो, पण जे उपग्रह दिसतात ते सगळे आकाशाच्या एकाच बाजूचे. यात एक बारीक मुद्दा दडलेला आहे. होकायंत्राने दूरच्या दोन खुणांचे कोन घेऊन नकाशावर दोन रेघा काढल्या, की त्या जिथे छेदतात तिथे आपण असतो. दोन खुणा साधारण काटकोनात असतील, तर छेदबिंदू नेटका मिळतो. खुणा एकमेकींजवळ असतील, तर रेघा इतक्या तिरप्या छेदतात की छेद नेमका कुठे, हेच सांगता येत नाही. उपग्रहांचेही तसेच. ते चहूकडे विखुरलेले हवेत. माथ्यावर देवळाजवळ हा होकायंत्राचा प्रयोग करून घेतला, तर कड्याखाली जीपीएस का चुकते, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

तिसरा प्रकार दगडाचा. सह्याद्रीचा हा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, बेसॉल्टचा आहे. काही थर घट्ट, एकसंध. काही वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले, आणि त्या छिद्रांत पुढे पांढरी खनिजे भरलेली. लेणी कोरणाऱ्यांनी कोणता थर निवडला आणि का, असा प्रश्न द्यावा. अशा टप्प्यावर डबाच नसतो. तिथे जाऊन पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही, हीच खूण. जिओकॅशिंगमध्ये २००४ पासून भूशास्त्राच्या अशा बिनडब्याच्या टप्प्यांचा स्वतंत्र वर्गच आहे. याच जागी होकायंत्र खडकाला टेकवून पाहावे. बेसॉल्टमध्ये लोहयुक्त चुंबकीय खनिज असते, आणि एखाद्या ठिकाणी, विशेषतः वीज पडलेल्या माथ्यावरच्या खडकाशी, सुई चांगलीच ढळते. कोन घेताना खडकापासून दूर उभे राहावे, हे मग सांगावे लागत नाही.

चुका साठतात कशा

एक टप्पा मुद्दाम बिनमोबाइलचा ठेवावा, आणि त्याला वेळ द्यावा. माझ्या मते सबंध दिवसाचा गाभा हाच. मोबाइल शिक्षकांकडे द्यायचे. हातात होकायंत्र आणि पावले. ‘इथून ६० अंशांच्या दिशेने ३०० मीटर, तिथून १४० अंशांच्या दिशेने ३०० मीटर’ अशा चार वाटा. यासाठी डोंगराखालचे सपाट माळरान निवडावे.

साठ मीटरवर एक अंशाची चूक म्हणजे सुमारे एक मीटर, एवढे सूत्र पाठ असले की पुरे. हातातल्या साध्या होकायंत्राने तीन अंशांची चूक सहज होते. ३०० मीटरवर ती १५ मीटर बाजूला नेते. पावलांनी अंतर मोजताना शंभरात पाचाची चूक धरली, तर आणखी १५ मीटर पुढे किंवा मागे. दोन्ही मिळून २१ मीटर. अशा चार वाटा, प्रत्येकीची चूक आपापल्या दिशेची, म्हणून चारच्या वर्गमुळाने, म्हणजे दोनने गुणायचे : ४२ मीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ एक एकर पंधरा गुंठ्यांच्या घरात जाते. पाऊण गुंठ्यावरून थेट इथे!

हे झाले चुका इकडे-तिकडे विखुरलेल्या असतील तर. एखाद्या मुलाचे पाऊल ठरलेल्या मापापेक्षा नेहमीच शंभरात पाचाने लांडे पडत असेल आणि वाट सरळ असेल, तर १,२०० मीटरांत तो ६० मीटर मागे राहील. त्याच्या चुका एकमेकींना खोडत नाहीत. पहिल्या प्रकारच्या चुका जास्त वेळा मोजून कमी होतात. दुसऱ्या प्रकारच्या होत नाहीत. त्यासाठी आधी शाळेच्या मैदानावर शंभर मीटरची दोरी टाकून प्रत्येकाचे पाऊल तपासावे लागते. आणि जीपीएस? त्याची प्रत्येक मोजणी उपग्रहांपासून नव्याने होते. मागच्या टप्प्याची चूक पुढच्या टप्प्यात येत नाही. चौथ्या टप्प्यावरही वर्तुळ पहिल्याएवढेच. उपग्रहांनी खरा फरक कोणता केला, तो हा.

उपग्रहांपूर्वी भारत मोजणाऱ्यांना साठत जाणाऱ्या चुकांशीच झुंजावे लागले. विल्यम लँबटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत ते देशभर निघाले. त्रिकोणांचे फक्त कोन मोजायचे, बाजू गणिताने काढायच्या. पण काही अंतर गेल्यावर ते थांबत, गणिताने आलेली एक बाजू जमिनीवर पुन्हा प्रत्यक्ष मोजत आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहत. हे काम करत असतानाच १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. मुलांनाही तसेच करायला लावावे : चार वाटा अशा आखाव्यात की शेवटची वाट निघाल्या जागीच परत यावी. जिथून निघालो आणि जिथे पोचलो, त्यांतले अंतर टेपने मोजायचे. कोणत्या गटाचे अंतर किती, हे त्याच दिवशी सर्वांसमोर लिहावे. कोणाला हसू नये.

काही व्यवहाराच्या गोष्टी

यंत्रातला बाण सरळ रेषा दाखवतो. वाट सरळ नसते. ‘डबा ४०० मीटरवर’ असे दिसले तरी मध्ये घळ असेल तर दीड किलोमीटरचा वळसा पडतो, आणि बाणामागे गेलेले मूल कड्याच्या टोकाशी जाते. म्हणून मळलेली वाट सोडायची नाही, हा नियम खेळाच्या नियमांच्याही वर. उंचीच्या आकड्यावर विसंबू नये. ती आडव्या अंतरापेक्षा जास्त चुकते. शिवाय काही यंत्रे समुद्रसपाटीऐवजी गणिती लंबगोलापासूनची उंची दाखवतात, आणि आपल्या भागात समुद्रसपाटीच त्या लंबगोलाच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. रत्नागिरीच्या पुळणीवर असे यंत्र उणे आकडा दाखवील! कोणताही टप्पा असा नको की महामार्ग ओलांडावा लागेल. लेण्यांत आणि कड्यांना आग्या माशांची पोळी असू शकतात. तिथे आरडाओरडा, धूर, अत्तर यांतले काहीही नको. शिक्षकांनी दोन दिवस आधी सगळ्या जागा चालून याव्यात.

जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवून घ्यायला आणि पहिली जागा लवकर मिळायला. रेंज नसेल तर उपग्रहांचे वेळापत्रक खुद्द उपग्रहाकडूनच घ्यावे लागते, आणि त्याला अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत वेळ जातो. नकाशा आदल्या रात्री उतरवून ठेवावा. बरेचसे नवे मोबाइल जीपीएसबरोबर इतर देशांच्या उपग्रहांचाही उपयोग करतात. भारताच्या ‘नाविक’ यंत्रणेचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये सोडला गेला.

आता डब्याबद्दल. पाश्चात्त्य देशांत डबा वर्षानुवर्षे एका जागी राहतो. आपल्याकडे हे जसेच्या तसे उचलू नये. झाडाच्या बुंध्यात दडवलेला स्टीलचा डबा म्हणजे ‘बेवारस वस्तू दिसल्यास हात लावू नका, पोलिसांना कळवा’ या सूचनेतलीच वस्तू. तेव्हा डबा पारदर्शक प्लॅस्टिकचा, त्यावर शाळेचे नाव आणि तारीख ठळक, ग्रामपंचायतीला व पोलीस ठाण्याला आधी कळवलेले, आणि संध्याकाळी सगळे डबे परत. आत खाऊ नको, मुंग्या आणि माकडे मुलांच्या आधी पोचतात. वही, पेन्सिल पुरे. लेणी हा संरक्षित वारसा आहे. तिथे डबा ठेवायचा नाही, चिठ्ठी खोचायची नाही, खडूने बाण काढायचा नाही.

कृष्णेपलीकडे, सांगली जिल्ह्यात, सागरेश्वर अभयारण्य आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या खटपटीतून उजाड डोंगरावर माणसांनी लावून वाढवलेले हे जंगल १९८५ मध्ये अभयारण्य झाले. सुमारे अकरा चौरस किलोमीटरांच्या या रानात सांबर, चितळ आणि काळवीट आहेत. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे त्याच्या शेजारीच. झाडीत त्रुटी किती वाढते हे पाहायला ती जागा उत्तम, पण तिथे एकही डबा नको. वनखात्याची परवानगी घ्यावी, आखलेल्या वाटेवरूनच चालावे आणि सर्व टप्पे पाहून उत्तर देण्याचे ठेवावेत. वाटेवरून बाजूला होऊन सहा मुले वीस मिनिटे पाचोळा चाळू लागली, तर त्या पाचोळ्यात राहणाऱ्यांचे काय होते, हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी वर्गात

डोंगरावरच्या एका ठळक जागी, समजा देवळाच्या पायरीवर, प्रत्येक गटाने अक्षांश-रेखांश टिपलेले असावेत. जाताना एकदा आणि परतताना एकदा. पाच गटांचे दहा आकडे होतात. आलेखाच्या कागदावर दोन सेंटिमीटरला मिनिटाचा हजारावा भाग, असे प्रमाण घेऊन ते दहा बिंदू मांडावेत. बिंदू एकावर एक पडत नाहीत. चार-पाच मीटरांच्या परिसरात विखुरतात. त्यांची सरासरी काढून मध्यबिंदू लाल शाईने दाखवावा आणि प्रत्येक बिंदू त्यापासून किती मीटर ते मोजावे. मग जातानाचे पाच आणि परततानाचे पाच वेगवेगळ्या रंगांत काढावेत. अनेकदा असे दिसते की एकाच वेळी घेतलेले बिंदू एकमेकांच्या जवळ आहेत आणि दोन रंगांचे पुंजके मात्र एकमेकांपासून सरकलेले आहेत. एका वेळी सर्वांच्या डोक्यावर तेच उपग्रह होते आणि तेच वातावरण, म्हणून त्या वेळची चूक सर्वांना सारखीच लागू झाली. पाचऐवजी पन्नास मोबाइल आणले असते, तरी त्या एका वेळच्या सरासरीने ती गेली नसती.